बोट कुठाय, ताई?

"तुमच्यात पहिला नंबर कुणाचा येतो?"

प्रश्न माझा नव्हता. शाळेतल्या माझ्या तीन मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात बांधला होता. घरीच शिकणाऱ्या मुलांना हे विचारायचं, त्यांचे चेहरे कसे होतात ते नीट बघायचं आणि परत आल्यावर नक्कल करून दाखवायची. बदल्यात तिघी मिळून माझी विज्ञानाची वही पूर्ण करणार होत्या, आकृत्यांसकट. एवढ्या बोलीवर मी कुणालाही काहीही विचारलं असतं.

आत्याच्या जेवणाच्या टेबलापाशी तीन चेहरे बसले होते. तिन्ही चेहऱ्यांचं काहीही झालं नाही.

"पहिला कशात?" आत्याच्या धाकट्याने विचारलं. वय अकरा. घरातलं नाव प्रश्नचिन्ह.

"म्हणजे अभ्यासात. एकूणात."

"एकूणात म्हणजे कशाकशात?"

"जाऊ दे रे," त्याची तेरा वर्षांची बहीण म्हणाली. "ताईला विचारायचंय की आपण बावळट आहोत का."

"तसं नाही गं!"

"तसंच आहे. पण गोड शब्दांत विचारलंस, त्याबद्दल आभार."

हिला वकीलबाई म्हणतात. का, ते आता तुम्हालाही कळलं असेल.

तिसरी होती खालच्या मजल्यावरची मुलगी. बारा वर्षांची, दोन वेण्या, आवाज जेमतेम. तिची आई दिवसभर कामाला जाते, म्हणून तीही आत्याकडेच शिकते. वाचताना ती प्रत्येक ओळीखालून बोट सरकवत नेते, इतकं हळू की बघणाऱ्याला जांभई यावी. म्हणून ती मुंगी. तिने मान वर केली आणि हळूच विचारलं, "तुमच्या वर्गात कुणाचा येतो?"

"बोलण्यात माझा," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पण म्हणताना मी खुर्चीत जराशी उंच झाले, हेही खरं.

कारण त्या दिवसांत स्वर्ग मला दोन बोटंच उरला होता. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायचे ते फक्त शेजारणीला ऐकू जायचं. दोनदा तर मी बाकावर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली आणि मी तीही मुकाट्याने लावून घेतली. मग वक्तृत्व स्पर्धेत जाणाऱ्या मुलीला ऐन वेळी गालफुगी झाली. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि का कोण जाणे, माझ्यावर येऊन थांबवली. विषय होता 'मला भावलेलं पुस्तक'. बाईंनी भाषण लिहून दिलं, मी ते पाठ केलं आणि म्हणून टाकलं. शाळेत पहिली आले. मग विभागात पहिली आले! आता अंतिम फेरी बारा दिवसांवर होती, तीही तेच भाषण घेऊन.

भाषणाचं नाव 'मौनाचं सामर्थ्य'. बाबा म्हणतात, "मौनावर बोलून बोलून बोलकी झालेली ही जगातली पहिली मुलगी." बाबा गाडी शिकवतात. माझ्या भाषणाचं रेकॉर्डिंग ते शिकाऊ मंडळींना ऐकवतात, गाडी चालू असताना. "क्लच हळू सोडा आणि ऐका, आता टाळ्या येतील." दोघंतिघं त्यामुळे परीक्षेत नापास झाले असावेत असं आईचं मत आहे.

तर, भाषण ज्या कादंबरीवर होतं, तीच कादंबरी आत्याला या मुलांना शिकवायची होती. आणि आत्याचा आवाज गेला होता. सहा वर्षं रोज तासन्‌तास मुलांना मोठ्याने वाचून दाखवल्यामुळे तिच्या घशात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. आत्याला गप्प बसवणं म्हणजे नळाला बूच मारणं. ती गळ्यात पाटी अडकवून आमच्याकडे आली, टेबलावर पाटी आपटली. वर लिहिलं होतं: "भाचीबाई, सहामाहीची सुट्टी आहे ना? कादंबरी शिकवशील?"

"शिकवेल की!" बाबाच बोलले. "तुझी ती घरकोंबडी मंडळी जरा ऐकू देत खरं शिक्षण कसं असतं."

आत्याने पाटी पुसली आणि लिहिलं: "दादा, तू गाडी चालव."

*

शिकवायचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी फळ्यावर तीन मथळे लिहिले: कथानक, पात्रचित्रण, संदेश. खाली दोन दोन रेघा ओढल्या. मग हातात खडू घेऊन, बाईंसारखी मान तिरकी करून सुरुवात केली.

'दोरवाल्याची मुलगी' ही कादंबरी नववीत आम्हाला होती. गोष्ट साधी आहे. एका बंदराच्या गावी एक दोर वळणारं कुटुंब असतं. त्यांचा दोर गावात सगळ्यात मजबूत. एके दिवशी वादळात त्यांचाच दोर तुटतो, जहाज खडकावर जातं आणि अकरा खलाशी बुडतात. सगळा गाव म्हाताऱ्या बापाला दोष देतो. पण धाकट्या मुलीला ठाऊक असतं की नव्या दोराच्या पोटात कुजका, जुना काथ्या घालून पीळ दिला तो थोरल्या भावाने. आणि तरीही ती गप्प राहते. सात वर्षं. शेवटी भाऊ स्वतःच कबूल करतो.

"म्हणून नायिकेचं मौन हे त्यागाचं प्रतीक आहे," मी म्हणाले. "लिहून घ्या."

कुणी लिहून घेतलं नाही.

"बोट कुठाय, ताई?" प्रश्नचिन्हाने विचारलं.

"कसलं बोट?"

वकीलबाईने समजावून सांगितलं. आत्याच्या घरात नियम होता: पुस्तकाबद्दल काहीही म्हणायचं असेल तर आधी त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट नसेल तर म्हणणं रद्द. आत्यालाही लागू. एकदा आतोबा जेवताना सहज म्हणाले की त्या अमक्या गोष्टीतला राजा फार उदार होता, तर त्यांना ताट सोडून कपाटापर्यंत जावं लागलं. आणि राजा काही सापडला नाही.

हातचा मळ! मी माझं पुस्तक उघडलं, पान चौऱ्याण्णव, आणि टेकवलं बोट. "'त्यानंतर सात वर्षं ती एक शब्दही बोलली नाही.' झालं समाधान?"

"इथे गप्प बसली असं आहे," वकीलबाई म्हणाली. "त्याग कुठाय?"

"तो ओळींच्या मधे असतो."

तिघांनी वाकून ओळींच्या मधे बघितलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे खांदे हलत होते. खोकला असेल असं मला वाटलं.

मी ठरवलं की आधी मुलांनी तिथपर्यंत वाचावं, मग बोलू. "ती गप्प होते तिथपर्यंत वाचून ठेवा. दोन दिवसांत."

दोन दिवसांनी विचारलं तर अजून वादळच चालू होतं. तिसऱ्या दिवशी जहाज फुटलं. पाचव्या दिवशीही ती गप्प झालेली नव्हती.

"अरे, चौऱ्याण्णव पानं वाचायला किती वेळ लागतो?" माझा आवाज चढला.

"आम्ही दोनशेदहावर आहोत," वकीलबाई म्हणाली.

त्यांची पुस्तकं ग्रंथालयातली होती. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, विटेएवढी. माझं पुस्तक पातळ, चकचकीत, मुखपृष्ठावर समुद्राकडे पाहणारी मुलगी. त्यांचं मोठ्या टायपातलं असणार, म्हणून फुगलंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. टायप खरं तर माझ्यापेक्षा बारीक होता. तो दिसत होता. पण डोक्यात पहिला नंबर बसला की डोळ्यांना फारसं काम राहत नाही.

फोनवर मी मैत्रिणींना म्हणाले, "बिचारी फार हळू आहेत गं. पालथ्या घड्यावर पाणी."

"नक्कल कर ना!" त्या ओरडल्या. मी मुंगीची नक्कल केली. तिघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले. हे लिहायला नको वाटतंय, पण हसले.

*

सातव्या दिवशी मी ठरवलं, आता यांना भाषणच ऐकवावं. दोन कामं एकदम, माझी तालीम आणि यांचं प्रबोधन. मी आत्याची खुर्ची बाजूला सारली, खिडकीकडे पाठ केली, ओढणी सारखी केली आणि सुरू झाले. सात मिनिटं. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे पाडायचा, सगळं जिथल्या तिथे. 'सात वर्षं ती एक शब्दही बोलली नाही' या वाक्यानंतर मी चार सेकंद थांबले. तिथे बाईंनी कागदावर पेन्सिलने 'थांब' असं लिहिलेलं होतं. त्या चार सेकंदांत विभागीय फेरीच्या सभागृहात एका परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले होते.

शेवटचं वाक्य झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. प्रश्नचिन्ह तर म्हणाला, "ताई, तू रेडिओसारखी बोलतेस!"

मग मुंगी म्हणाली, "पण ती तर बोलते."

"कोण?"

"धाकटी. ती बोलते ना. सगळ्यांना सांगते."

मी हसले. मोठ्या मनाने. "कुठे गं सांगते, सोन्या? बोट दाखव."

तिने दाखवलं. पान दोनशे एकवीस. मग पानं उलटून दुसरं बोट, दोनशे छत्तीस. मग तिला बोटं पुरेनात, तेव्हा तिने वकीलबाईचं बोट धरून दोनशे अठ्ठावन्नवर ठेवलं. चौथ्या जागी प्रश्नचिन्हाने आपण होऊन नाक टेकवलं.

मी त्यांचं पुस्तक ओढून घेतलं. मग माझं. माझ्या पुस्तकात त्र्याण्णवाव्या पानाच्या तळाशी खलाशांची प्रेतं किनाऱ्याला लागतात आणि चौऱ्याण्णवाव्याच्या माथ्यावर ती गप्प होते. त्यांच्या पुस्तकात प्रेतं किनाऱ्याला लागतात दोनशे चौदाव्या पानावर. आणि 'त्यानंतर सात वर्षं ती एक शब्दही बोलली नाही' हे वाक्य, तेच, शब्दाला शब्द, येतं तीनशे अडतिसाव्या पानावर.

मधे सहा प्रकरणं.

मी माझ्या पुस्तकाचं पहिलं पान काढलं, जे पान जगात कुणीही वाचत नाही. प्रकाशकाचा पत्ता, छपाईचं साल आणि त्याखाली अक्षरं मुंगीएवढी: 'विद्यार्थ्यांसाठी संक्षिप्त आवृत्ती'.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. "आजचा तास संपला," एवढं बोलून मी मुंगीचं पुस्तक मागून घेतलं आणि आत्याच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून ती सहा प्रकरणं वाचून काढली. जाणारे-येणारे माझ्या पायांवरून उड्या मारून गेले.

पहिल्या प्रकरणात ती बंदराच्या अधिकाऱ्याकडे जाते. तो तिला खुर्ची देतो, खिडकीतून जहाजं मोजत राहतो आणि तिचं सांगून झाल्यावर विचारतो, "वडिलांची तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्यात कचेरीतला कारकून म्हणतो, लेखी द्या. ती लेखी देते. तो म्हणतो, अक्षर मोत्यासारखं आहे. आणि तो कागद चार घड्या करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवतो. तिसऱ्यात जहाजाचा मालक सगळं ऐकतो, अगदी शेवटपर्यंत, आणि तिला स्वतःच्या बग्गीतून घरी पोचवतो, म्हणजे वाटेत ती आणखी कुणाशी बोलायला नको. चौथ्यात ती एका बुडालेल्या खलाशाच्या बायकोकडे जाते. ती बाई कपडे पिळत असते. म्हणते, "आता मला हे कळून मी काय करू, तूच सांग." पाचव्यात ती भावाला तोंडावर विचारते. तो रडतो. रडून झाल्यावर कामाला जातो. सहाव्यात ती आईला सांगते आणि आई म्हणते, "जेवलीस का?"

त्यानंतर सात वर्षं ती एक शब्दही बोलली नाही.

म्हणजे ती गप्प बसलेली नव्हती. तिला कुणी ऐकलंच नव्हतं! आणि आमची पातळ आवृत्ती काढणाऱ्यांनी काय केलं होतं? तिचं बोलणं तेवढं कापलं आणि गप्प बसणं ठेवलं. मी भर सभागृहात ज्या चार सेकंदांसाठी थांबत होते, त्या चार सेकंदांत तिची सव्वाशे पानं बुडाली होती. वर मी तिचं कौतुक करत होते, काय गुणाची मुलगी, बोलत नाही.

मला राग आला. खरं म्हणजे, मला तिच्या वतीने राग आला, आणि त्या रागाखाली भीती होती. कारण ती सहा प्रकरणं खरी असतील तर माझं भाषण गेलं. आणि भाषण गेलं तर माझ्याकडे काय उरतं? एक मुलगी, जिचं 'हजर' कुणाला ऐकू जात नाही.

*

वर गेले तर आत्या भाजी चिरत होती.

"तुला माहीत होतं?"

तिने हात पुसले आणि पाटी घेतली. "मला वाटलं तुला माहीत आहे. विभागात पहिली आलीस ना."

टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सुट्टी होती, पण बाई पेपर तपासायला येत होत्या. शिक्षकांच्या खोलीत गठ्ठ्यांच्या मधे त्या एकट्याच होत्या, लाल पेन कानावर. मी जाड पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी सहा प्रकरणं चाळली. मग बराच वेळ चौथ्या प्रकरणावर थांबल्या.

"मीही तेवढंच वाचलंय गं," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं शिकवतेय."

"मग आपण भाषण बदलू या."

"चार दिवसांत?" त्यांनी पुस्तक मिटलं. "हे बघ बाळा, परीक्षकांनी आपलीच आवृत्ती वाचलेली असणार. त्यांना आवडलेलं भाषण तू मोडणार आणि नवीन पाठ कधी करणार?"

"पाठ नाही करणार. पुस्तक हातात घेऊन बोलेन. बोट ठेवून."

"हातात कागद दिसला तरी दहा गुण जातात. तू अख्खी वीट घेऊन जाणार? नियम वाचलेस का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि दहा गुणांचं सोड. पाठ असलेलं भाषण म्हणजे जिन्याचा कठडा असतो. मला आठ महिन्यांपूर्वीची तू आठवतेस. तिथे तीनशे माणसं असतील. मधेच अडखळलीस तर? मला तुझ्या नंबराची नाही, तुझीच काळजी वाटते."

बाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! पण त्या खरं बोलत होत्या.

मैत्रिणींचं मत फोनवर एका वाक्यात आलं: "तुला कोण विचारतंय, गप्प बस ना." दुसरी म्हणाली, "ट्रॉफी आण आधी, मग सांग हवं तर." हेही काही वेडगळ नव्हतं. मी तसंच करायचं जवळजवळ ठरवलंही. अंतिम फेरी झाल्यावर सांगू. तोवर मूग गिळून बसू. कुणाचं काय बिघडतं?

पण आत्याकडे तास होता.

तिघं टेबलापाशी बसली होती. फळ्यावर अजून माझे तीन मथळे होते. 'संदेश'च्या खाली प्रश्नचिन्हाने खडूने लिहिलं होतं: कुणाला?

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," मी म्हणाले. उभ्या उभ्याच, चप्पल न काढता. "मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं. मला वाटत होतं वाचलंय."

आता हसतील, असं मला वाटलं. मी तर हसले होते त्यांना.

"मग तू अजून शेवटपर्यंत पोचलीच नाहीस?" प्रश्नचिन्हाने विचारलं. डोळे एवढे मोठे. "म्हणजे तुलाही माहीत नाही पुढे काय होतं?"

"माझ्या पुस्तकातलं माहीत आहे. यातलं नाही."

"वा!" तो म्हणाला. "मग इथे बस ना, आमच्या बाजूला."

वकीलबाईने फळ्याजवळची खुर्ची ओढून टेबलाच्या मुलांच्या बाजूला आणली. "साक्षीदाराने बसावं," ती म्हणाली. "आणि जे म्हणायचं ते बोट ठेवून म्हणावं."

मी चौथं प्रकरण उघडलं, कपडे पिळणाऱ्या बाईचं. बोट ठेवलं. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पाठ केलेलं एकही वाक्य तिथे बसत नव्हतं. घड्याळ ऐकू यायला लागलं. शेजारच्या घरातलं कुकरचं झाकण पडलं तेही ऐकू आलं. हेच ते, मी मनात म्हणाले, तीनशे माणसांसमोर हेच होणार.

मुंगी माझ्या बोटाकडे बघत होती. घाई नाही, काही नाही. तिला हळू जाणाऱ्या बोटांची सवय होती.

"ती बाई," मी म्हणाले, "रागावलेली नाही. मला आधी वाटलं रागावलीय. पण इथे बघा, ती धाकटीच्या हातात ओल्या चादरीचं दुसरं टोक देते. पिळायला. दोघी मिळून चादर पिळतात. म्हणजे या अख्ख्या गावात धाकटीला काहीतरी हातात देणारी ही बाईच एक आहे."

"पण ऐकत नाही ना तीही," वकीलबाई म्हणाली.

"ऐकते. तिचं ऐकून झालंय. तिला त्याचं काही करता येत नाही, एवढंच."

"बोट?"

"थांब, दाखवते!"

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी बोलत सुटले. एका पानावरून दुसऱ्या पानावर, मधेच मागे, मधेच पुढे. वकीलबाईने तीनदा मला खोटं ठरवलं आणि एकदा मी तिला. प्रश्नचिन्हाने विचारलं की भावाला तेव्हाच पकडलं असतं तर कादंबरी किती पानांची झाली असती, आणि आम्ही पानं मोजली. मी दोनदा अडखळले. एकदा वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सुरू केलं. कुणी मेलं नाही. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं तेव्हा कुणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केली. आत्या होती. पाटीवर लिहिलं होतं: "सव्वा तास झाला. पाणी पी, नाहीतर उद्या तुलाही पाटी लागेल."

*

घरी गेले तर आई-बाबा दोघंही बैठकीत होते. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. ती माझ्या चष्म्याच्या काड्या घट्ट करत होती, स्टेजवर नाकावरून घसरू नये म्हणून. बाबा माझा पांढरा सदरा इस्त्री करत होते आणि इस्त्रीच्या तालावर पुटपुटत होते, "मौन ही दुबळ्यांची हतबलता नव्हे, तर..." सगळं भाषण त्यांना पाठ होतं. माझ्यापेक्षा पक्कं.

"आलीस? ये, ये," बाबा म्हणाले. "आज माझ्या एका विद्यार्थ्याने तुझं भाषण ऐकून गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, साहेब, परत लावा. बघ!"

"बाबा, इस्त्री खाली ठेवा."

"का गं?"

"ठेवा ना. सदरा जळेल."

आईने स्क्रू-ड्रायव्हर थांबवला. तिला माझ्या आवाजातलं काहीतरी कळतं. "काय झालं? बाई काही बोलल्या का?"

"बोलल्या. बरोबरच बोलल्या." मी पिशवीतून जाड पुस्तक काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. धप्पकन आवाज झाला. "ऐका. मधे कुणी बोलायचं नाही. बाबा, खास तुम्ही."

बाबांनी इस्त्री उभी केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मी अंतिम फेरीला जाणार आहे. पण ते भाषण करणार नाही. हे पुस्तक हातात घेऊन उभी राहणार, त्याचे दहा गुण जातील ते जाऊ देत. आधी सांगणार की ज्या पुस्तकावर बोलून मी इथपर्यंत आले, ते मी वाचलेलंच नव्हतं. आणि मग त्या मुलीने सहा ठिकाणी जाऊन काय काय सांगितलं, ते एकेका पानावर बोट ठेवून सगळ्यांना वाचून दाखवणार. माझं ठरलंय."